माळ्यावरची खोली

जुन्या घराला माळा असतो, आणि माळ्यावर काय काय आहे हें घरांतल्या कोणालाच नीट ठाऊक नसतें. मोडका पाळणा, गळका तांब्याचा बंब, एका लग्नांत वापरून वर टाकलेलीं मोठालीं पातेलीं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एका पायानें अधू झालेली आरामखुर्ची, आणि या सर्वांवर वर्षानुवर्षें सांचलेली कौलांची तांबडी धूळ. पुण्याच्या पेठांत, वाई-साताऱ्याकडे किंवा कोंकणांत ज्या श्रोत्यांचें घर कौलारू छपराखालीं असेल त्यांना हें चित्र परिचयाचें वाटेल. मुंबईकरांसाठीं मात्र एक खुलासा केला पाहिजे. मुंबईंत 'तिसरा माळा' म्हटलें म्हणजे तिसरा मजला. येथें माळा म्हणजे राहत्या मजल्याची तक्तपोशी आणि छपराचीं दोन उतरतीं पाखीं यांच्यामध्यें उरलेली त्रिकोणी पोकळी.

घर तेवढेंच राहतें आणि माणसें वाढतात. समजा, सदाशिव पेठेंतलें एक घर आहे. मुलगी वैद्यकीच्या परीक्षेस बसायची आहे, आणि दोन खोल्यांत आजी, आजोबा व धाकटीं भावंडें यांच्या वर्दळींत तिला दार लावून वाचायला जागा नाहीं. नवी जागा घेण्याची ऐपत नाहीं. अशा वेळीं गृहस्थाची दृष्टि आपोआप वर जाते. वर चांगली बारा हात लांब जागा नुसती अडगळीनें भरलेली! सुतार-गवंड्यांचा खर्च झेपणारा नाहीं, पण उन्हाळ्याची सुटी हाताशीं आहे; मग तो ठरवितो कीं, खोली आपणच करावी. हा विचार वेडेपणाचा मुळींच नाहीं. माळ्याच्या कामांतला निम्म्याहून अधिक भाग कोणाहि धडधाकट आणि धीराच्या माणसाला जमण्यासारखा असतो. उरलेला भाग मात्र असा कीं, तो चुकला तर खोली जातेच, पण तिच्याबरोबर घरहि धोक्यांत येतें.

हा धोका कोठून येतो तें आधीं पाहूं. माळा ही रिकामी पडलेली खोली आहे ही समजूतच चुकीची आहे. ती जागा छपराची आहे. छपराला ओल सुकविण्यासाठीं वारा लागतो, भिंतींना सरकूं न देणारा बांध लागतो, आणि एखादें कौल फुटलें तर आंतून हात पोंचेल अशी मोकळीक लागते. आजवर अडगळीच्या आडोशानें हें सर्व त्याला मिळत होतें. खोली करणाऱ्यानें तें हिरावून न घेतां आपली सोय साधावयाची असते.

काम होळीनंतर सुरू करून मृगाच्या आधीं संपवावें. मृग लागतो जूनच्या ७-८ तारखेस. पुण्यास वर्षाकाठीं सरासरी ७०-७५ सेंटिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीस ३०० सेंटिमीटरांहूनहि अधिक. तेव्हां कोंकणांतल्या घरीं तर अर्धवट उघडें छप्पर घेऊन मृगाची वाट पाहणें हा जुगारच होय. चैत्र-वैशाखांत दुपारीं माळ्यावर काम करणें अशक्य असतें, म्हणून सकाळीं सहा ते दहा हेच खरे कामाचे तास. घर भाड्याचें असेल तर मालकाची लेखी संमति, आणि घर कोणाचेंहि असो, नगरपालिकेंत चौकशी, हीं दोन कामें त्यापूर्वीं उरकावीं. सामान ठेवण्याचा माळा आणि माणसानें राहण्याची खोली यांत नियम भेद करतात, आणि तो भेद अकारण नाहीं.

पहिलें काम सफाईचें. त्यांत लोक फार घाई करतात. कोरडा केरसुणा घेऊन धुरळा उडवितात. माळ्यावरच्या धुळींत उंदीर-घुशींचा मूत्रांश, पारव्यांची व वटवाघुळांची विष्ठा हीं मिसळलेलीं असतात, आणि त्यांतून फुप्फुसाचे व तापाचे कांहीं वाईट विकार होऊं शकतात. म्हणून आधीं पाण्याचा हलका शिडकावा करावा, नाकातोंडावर चांगला मास्क आणि हातांत रबरी मोजे घालावे, आणि ओलसर केर पिशव्यांत भरूनच खालीं न्यावा. छपराचा एखादा भाग मागाहून राखाडी सिमेंटच्या नागमोडी पत्र्यांनीं झांकलेला असेल तर तेथें विशेष सांभाळावें. अशा जुन्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतु असतात. पत्रा शाबूत आहे तोंपर्यंत तो फारसा उपद्रव देत नाहीं. पण त्याला भोंक पाडलें, करवत लावली किंवा तो फोडला, तर त्याची धूळ फुप्फुसांत कायमची जाऊन बसते आणि तिचे परिणाम वीस-तीस वर्षांनीं दिसतात. त्याला हौशी माणसानें हात लावूं नये.

जागा मोकळी झाली म्हणजे मध्यभागीं उभें राहून सावकाश वर पाहावें. दोन पाखीं मिळतात तेथें आडवें गेलेलें लाकूड तें आढें. आढ्यापासून दोन्हीकडच्या भिंतींवर उतरलेले ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या त्या रिपा, आणि रिपांना नाकानें अडकून बसलेलीं तीं कौलें. पूर्वीं गांवच्या कुंभारानें घडविलेलीं नळीचीं कौलेंच सर्वत्र असत, आणि दर उन्हाळ्यांत त्यांची शाकारणी करावी लागे. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कारखाना काढल्यावर खांचा असलेलीं चपटीं मंगलोरी कौलें पश्चिम किनाऱ्यानें वर पसरलीं, आणि शाकारणीचा जाच पुष्कळ कमी झाला. हें कौल एकेक सुमारें अडीच किलोंचें. एका चौरस मीटरास १५ च्या आसपास लागतात. म्हणजे सहा मीटर लांब-रुंद जागेवरच्या छपरांत नुसत्या कौलांचेंच वजन दीड टनाच्या पुढें जातें. पावसांत भिजलेलें कौल त्याहून जड.

हा भार खालीं कसा उतरतो हें कळण्यासाठीं घरच्या घरीं करतां येण्यासारखा एक प्रयोग आहे. एक जाड पुठ्ठ्याचें पुस्तक मध्यावर उघडून गुळगुळीत टेबलावर पालथें, तंबूसारखें उभें करावें आणि त्याच्या पाठीच्या कण्यावर बोटानें दाबावें. पुस्तक खालीं बसण्याऐवजीं त्याचीं दोन्ही पानें बाहेरच्या बाजूस सरकतात. आतां दोन्ही पुठ्ठ्यांच्या खालच्या कडा दोऱ्यानें एकमेकींस बांधाव्या आणि पुन्हा दाबावें. पुस्तक जागचें हलत नाहीं. छपराचे वासे हे पुस्तकाचे पुठ्ठे, आणि भिंतींच्या माथ्यावर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गेलेली आडवी तुळई हा तो दोरा.

आणि नेमकी हीच तुळई माळ्यावर येणाऱ्याच्या छातीशीं किंवा कपाळाशीं येते. गृहस्थ तीन वेळां डोकें आपटून घेतो आणि चौथ्या वेळीं शेजारच्या म्हाताऱ्या सुताराला वर बोलावतो.

"काका, एवढी ही तुळई मधून कापून द्या. बाकीचें मी बघतों."

"कापून देतों, अण्णासाहेब," म्हातारा म्हणतो, "पण मग खालच्या खोलींतलीं माणसें आधीं दुसरीकडे न्या."

म्हातारा बोलतो तें थट्टेनें, पण तें खरें आहे. बांध तुटल्यावर भिंती लगेच कोसळत नाहींत. म्हणूनच ही चूक फसवी आहे. वासे हळूहळू पाय पसरतात, आढें मध्यें किंचित् वाकतें, बाहेरची भिंत केसाकेसानें कलूं लागते, आणि आडव्या भिंतीशीं तिचा सांधा जेथें होतो तेथें वरून खालीं रुंद-अरुंद अशी चीर पडते. ती चीर दिसेपर्यंत तुळईची गोष्ट सर्व विसरलेले असतात. गिलाव्यानें चीर बुजविली जाते, आणि पुढच्या पावसाळ्यांत ती पुन्हा उघडते.

पुष्कळ जुन्या वाड्यांत आणि कोंकणांतल्या घरांत रचना याहून निराळी आढळते. तेथें तुळईच्या मध्यावर एक आखूड खांब उभा असतो आणि त्या खांबाच्या डोक्यावर आढें टेकलेलें असतें. वासे तेथें आढ्याला टांगल्यासारखे असतात, त्यामुळें भिंतींवरचा बाहेरचा रेटा कमी. पण छपराचा मोठा हिस्सा त्या खांबांतून थेट तुळईच्या पोटावर येतो. ती तुळई कापणें म्हणजे हातगाडीवाल्याच्या डोक्यावर गोणी असतांना त्याचे गुडघे मोडण्यासारखें आहे. पाश्चात्य पद्धतीच्या कैचींत असाच दिसणारा मधला खांब असतो, पण तो भार खालीं देत नाहीं, उलट तुळईलाच वर टांगून धरतो. दिसण्यांत दोन्ही सारखे आणि कामांत अगदीं उलट! अनुभवी माणूस सांध्याची घडण पाहून त्यांतला फरक सांगूं शकतो. हौशी माणसानें एवढेंच ठरवावें कीं, दोन्हीपैकीं कोणतेंहि लाकूड कापावयाचें नाहीं.

मग तुळईचें करायचें काय? तिच्याभोंवतीं खोली बसवावी. तुळईच्या अलीकडे अभ्यासाची जागा आणि पलीकडे अंथरूण, असे खोलीचे दोन भाग केले तर दिवसांतून पन्नास वेळां वाकावें लागत नाहीं. तिच्या कडांना जाड कापडाची किंवा काथ्याची गुंडाळी करून वर चुन्याचा ठळक पांढरा पट्टा ओढला म्हणजे रात्रींहि ती दिसते. पुष्कळ घरांत या तुळईवरच मागाहून पुस्तकांची फळी, दिवा व घड्याळ यांची सोय झालेली पाहावयास मिळते.

लाकडाची तपासणी टोच्यानें करावी. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाहीं, पण त्याच खोडाचा बाहेरचा फिकट भाग ती आनंदानें खाते. भिंतींवर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवीची वाट. लाकडाखालीं पिठासारखा भुसा पडलेला असेल तर आंत पोखरणारा किडा आहे. सर्वांत आधीं कुजतात तीं वाशांचीं व कड्यांचीं भिंतींत शिरलेलीं टोंकें, कारण तेथें ओल येते पण वारा लागत नाहीं. टोंचा सहज आंत गेला तर तें लाकूड बाहेरून कितीहि रुबाबदार दिसो, तें बदलण्याचें काम सुताराचें. बाकी निरोगी लाकडास टाकणखार आणि बोरिक अम्ल यांचें पाणी दोन-तीनदां पाजलें तर कीड दूर राहते. हें मात्र घरीं करतां येतें. जवसाच्या तेलाचा हात देणाऱ्यांनीं एक लक्षांत ठेवावें. तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोंपऱ्यांत टाकला तर तो हवेंतील प्राणवायूनें आंतल्या आंत तापून स्वतःच पेटूं शकतो. त्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या किंवा पाण्याच्या डब्यांत बुडवून ठेवाव्या.

आतां पायाखालचें. माळ्याची जमीन म्हणजे खालच्या खोलीचा कडीपाट. राहत्या खोलीच्या जमिनीनें चौरस मीटरास २०० किलोंचा चल भार सोसावा असा आपल्याकडील बांधकामाचा दंडक आहे. माळ्याच्या कड्या हा दंडक नजरेसमोर ठेवून बसविलेल्या नसतात. त्या पातेलीं आणि पाळणा यांच्या हिशेबानें बसविलेल्या असतात. एका कडीखालीं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत दोरा ताणून मध्यें किती अंतर पडतें तें मोजावें, मग वर दोघां-तिघांना उभें करून पुन्हा मोजावें. दहा फुटांच्या गाळ्यांत हा फरक तिसऱ्या हिश्श्याच्या इंचाहून अधिक आला तर थांबावें आणि इंजिनियरला दाखवावें. ही परीक्षा ढोबळ आहे. ती पास झाली म्हणून निर्धास्त होतां येत नाहीं, पण नापास झाली तर काय करावें हें निश्चित कळतें.

येथें गणिताचा एक नियम फार उपयोगी पडतो. कडी रुंदीनें दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. उंचीनें दुप्पट केली तर तो आठपट होतो. म्हणून मजबुतीसाठीं कड्यांवर आणखी एक फळ्यांचा थर आडवा ठोकल्यानें वजन तेवढें वाढतें, बळ फारसें येत नाहीं. उलट, तीच फळी कडीच्या बाजूस उभी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आरपार बोल्टांनीं जखडली तर जमिनीचें हिंदकळणें थांबतें. गाळा दुप्पट झाला तर तेंच वजन कडीला आठपट वांकवितें, हीहि त्याच नियमाची दुसरी बाजू.

अभ्यासाच्या खोलींत पुस्तकें येणारच. ओळीनें लावलेल्या पुस्तकांचें वजन फुटाला सुमारें दहा किलो भरतें. चार फूट रुंद, पांच खणांचें एक कपाट भरलें कीं, दोनशें किलो झाले! असें कपाट खोलीच्या मध्यावर उभें करण्याची इच्छा होते, कारण उभ्या कपाटाला उंची तेथेंच मिळते. तें करूं नये. पाखें उतरत जेथें तीन फुटांवर येतें, तेथें माणसाला उभें राहतां येत नाहीं पण बुटका खण बसतो. आणि तीच जागा भिंतीजवळची, म्हणजे कड्यांच्या टेकूजवळची. पुस्तकांच्या बुटक्या रांगा दोन्ही बाजूंस आणि मध्यें फिरण्यापुरती मोकळी जागा, ही मांडणी कड्यांनाहि मानवते.

माळ्यावर राहणें कठीण होतें तें मुख्यतः उन्हानें. एप्रिलच्या दुपारीं कौलाची पाठ ५० ते ६० अंशांपर्यंत सहज तापते. माळ्यावर बसून तळहात कौलांकडे धरावा, आणि मग हात व कौलें यांच्यामध्यें एक वर्तमानपत्र धरावें. हाताची भाजणूक तात्काळ थांबते. हवा तर तीच आहे! याचा अर्थ असा कीं, कौलांपासून माणसाला मिळणारी उष्णता केवळ तापलेल्या हवेंतून येत नाहीं. ती उन्हासारखी सरळ किरणांनीं येते. नुसता पंखा लावून ती थांबत नाहीं, हें पंख्याखालीं बसून घामाघूम झालेल्यांना सांगावयास नको. तिच्या वाटेंत कांहीतरी आडवें आलें पाहिजे, आणि आडवें आलेलें तें स्वतः तापूं नये म्हणून त्याच्या पाठीमागून वारा वाहत राहिला पाहिजे.

यावरून अस्तराची रीति ठरते. वाशांच्या खालच्या कडांना ॲल्युमिनियमचा वर्ख चढविलेला जाड कागद किंवा कापड, चकचकीत बाजू खालीं करून, ताणून लावावें. त्याखालीं इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर बांबूच्या तट्ट्या किंवा पातळ फळ्या. चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण फारच थोडे बाहेर टाकतो. त्याच्यासमोर मोकळी हवा मात्र हवी. फळीला घट्ट चिकटविलेला वर्ख निरुपयोगी. चकचकीत बाजू वर केली तर दोन वर्षांत तीवर धूळ बसून तिचा गुण जातो, म्हणून ती खालीं. कौलें आणि वर्ख यांच्यामध्यें वाशांच्या जाडीएवढी जी पोकळी राहते, ती खालीं वळचणीपाशीं आणि वर आढ्यापाशीं उघडी ठेवावी. तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून ताजी येते. वटवाघूळ व उंदीर शिरूं नयेत म्हणून त्या तोंडांना बारीक तारेची जाळी पुरे. थर्मोकोलचे तावहि उष्णता अडवितात, पण आग लागली तर त्यांचा धूर प्राणघातक असतो, आणि माळ्यावरून खालीं येण्यास बहुधा एकच वाट असते.

पुष्कळ लोक नेमकें याच्या उलट करतात. वाऱ्यानें धूळ येते म्हणून वळचणीचीं तोंडें सिमेंटनें लिंपतात, कौलांना आंतून प्लॅस्टिकचा पडदा चिकटवितात, आणि मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा पक्का गिलावा चढवितात. खोली पहिलें वर्ष चित्रासारखी दिसते. पण भिजलेलें कौल आंतल्या अंगानें सुकत नाहीं, भिंतीची ओल बाहेर पडत नाहीं, आणि रिपा व वाशांचीं टोंकें अस्तराआड कोणाला न दिसतां कुजूं लागतात. भिंतींना चुन्याची सफेदीच योग्य. ती ओल अडवीत नाहीं, अंधाऱ्या खोलींत उजेड वाढविते, आणि स्वस्तहि आहे. चुना भिजवितांना व लावतांना डोळ्यांना चष्मा मात्र हवा; छताकडे तोंड करून काम करणाऱ्याच्या डोळ्यांत एक थेंबहि मोठी इजा करतो.

अस्तर दोन-तीन फुटांच्या तुकड्यांनीं करावें, आणि प्रत्येक तुकडा खिळ्यांनीं न ठोकतां स्क्रूनें बसवावा. मंगलोरी कौलांची हीच तर खरी सोय आहे कीं, फुटलेलें कौल आंतून काढून वरचें कौल किंचित् उचललें कीं, त्याच्या जागीं नवें सरकवितां येतें. पावसांत छपरावर चढावें लागत नाहीं. ज्यानें तट्ट्या कायमच्या ठोकल्या त्यानें ही सोय बंद केली, आणि एका कौलासाठीं माणसाला निसरड्या छपरावर पाठविण्याची पाळी स्वतःवर आणली. पांच-दहा कौलें जवळ राखून ठेवावीं. त्याच सांच्याचीं पुढें मिळतीलच असें नाहीं.

उजेडासाठीं छपरांत खिडकी कापणें हें हौशी माणसाचें काम नव्हे, कारण त्यासाठीं वासे तोडावे लागतात आणि पाण्याला नवी वाट मिळते. कांचेचें कौल मात्र कोणालाहि बसवितां येतें. त्याचा सांचा इतर कौलांसारखाच असतो. उत्तरेच्या पाखांत तीन-चार कौलें लागलीं तर दिवसभर उजेड मिळतो. पश्चिमेच्या पाखांत एक जरी लागलें तरी दुपारीं चार वाजतां उन्हाचा तुकडा नेमका वहीवर येऊन बसतो.

विजेचें काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावें. जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांखालून गेलेल्या तारांचें रबर वाळून तडकलेलें असतें, आणि माळ्यावर उंदरांनीं त्यावर दांत चालविलेले असतात. तारा बदलतांना ३० मिलिअँपिअरला तुटणारें संरक्षक बटण बसवून घेतलें तर ओल्या भिंतीला लागलेल्या हाताला प्राणांतिक धक्का बसण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.

जिन्याचें असें आहे कीं, माळ्यास चढायला जी असते ती जिना नसून शिडीच असते. पातेलीं वर्षांतून एकदां चढतात, अभ्यास करणारी मुलगी दिवसांतून दहा वेळां, आणि तीहि झोपाळू डोळ्यांनीं. फ्रान्सुआ ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुविशारदानें सतराव्या शतकांत सांगितलेला आडाखा अजून चालतो: पायरीची उंची दुप्पट करून त्यांत तिची रुंदी मिळविली तर सुमारें २४ इंच यावे. सात-साडेसात इंचांची चढण आणि नऊ इंचांची पायरी त्यांत बरोबर बसते. एवढ्या ऐसपैस जिन्याला जागा नसेल, आणि पुष्कळदां ती नसतेच, तर निदान दोन्ही हातांना धरावयास भक्कम कठडा आणि वरच्या तोंडाभोंवतीं कमरेइतकी गराद असावी. जिन्याचें तोंड मोठें करण्यासाठीं कडी कापण्याचा मोह होईल. त्या कडीचीहि गत तुळईसारखीच.

हें सर्व झालें, सफेदी वाळली, मुलीनें आपलीं पुस्तकें वर नेलीं, तरी काम पुरें झालें असें समजूं नये. पातळ कौलें जशीं लवकर तापतात तशीं लवकर निवतात. म्हणून वैशाखांतहि रात्रीं दहानंतर आणि पहांटे ही खोली खालच्या खोल्यांहून सुखाची असते. दुपारचे चार तास मात्र ती रिकामी ठेवावी हें बरें.

पहिल्या वळवाच्या रात्रीं घरांतल्या दोघांनीं माळ्यावर बसावें, एकानें विजेरी धरावी, एकानें खडू. आढ्याजवळचे व वळचणीजवळचे अस्तराचे कांहीं तुकडे त्या रात्रीपुरते मुद्दाम काढून ठेवावे. जेथें थेंब पडतो तेथें कौल फुटलेलें असतें असें बहुधा होत नाहीं. पाणी वरच्या एखाद्या चिरेंतून शिरतें, रिपेच्या कडेनें आडवें सरकतें, वाशाच्या पोटाखालून हातभर खालीं येतें, आणि जेथें लाकडाला गांठ किंवा खिळा असेल तेथें टपकतें. म्हणून थेंबापासून ओल्या रेषेचा मागोवा घेत वर जावें आणि ती जेथें संपते तेथल्या रिपेवर खडूनें फुली करावी. उजाडल्यावर पाऊस थांबला असेल तर फुलीवरचें कौल उचलून पाहावें. पुष्कळदां तें फुटलेलें नसतें, मांजराच्या पायानें नुसतें बोटभर सरकलेलें असतें.